चार खांदे

"माणसाला चार खांदे मेल्यावर लागतात, याला जिवंतपणीच लागले," हा आमच्या मुकादमाचा ठरलेला विनोद. नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना तो अजूनही तोच वापरतो. समोरचा बावचळतो, हसावं की गप्प बसावं हे त्याला कळत नाही. तेवढ्यात मुकादम चहा सांगून मोकळा होतो. त्या चार खांद्यांपैकी एक त्याचा स्वतःचा, मोंढ्यात पोती वाहून घट्टे पडलेला. दुसरा गुरुजींचा, त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवली. तिसरा एसटीतल्या कंडक्टरचा. चौथा सदर बाजारालगतच्या बोळात शिलाई मशीन चालवणाऱ्या टेलरचा. नावं छापली तर चौघंही रागावतील, म्हणून आम्ही एकमेकांना ज्या हाकांनी ओळखतो त्याच इथे ठेवल्या आहेत.

आमच्या लहानपणी जालना औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आम्ही मिसरूड फुटलेले होतो आणि आपलं गाव एका रात्रीत मोठं झालं म्हणून उगाच छाती काढून फिरलो होतो. 'जालना सोने का पालना' असं जुनी माणसं म्हणत. कुंडलिका नदीच्या अलीकडे जुना जालना, पलीकडे नवा जालना, मध्ये लोखंडी पूल. स्टेशनात मीटरगेजची गाडी फुसफुसत यायची. स्टेशनाबाहेर टांगे उभे. घोड्यांच्या लिदीचा वास आला की स्टेशन जवळ आलं हे मला डोळे मिटून सांगता यायचं, आणि संध्याकाळनंतर माझे डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखेच होते.

दिवसा मला व्यवस्थित दिसायचं. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंसुद्धा वाचता यायची. पण दिवेलागण झाली की मी घरातल्या घरात उंबऱ्याला ठेचकाळायचो. १९७२ चा दुष्काळ नुकताच अंगावरून गेला होता. शाळेत सुकडी मिळायची, आणि आमच्यासारखी पोरं रातांधळी होणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं मुलांची दृष्टी जाते म्हणून सरकारनं १९७० पासून त्याचे डोस द्यायला सुरुवात केली होती. मलाही तो मिळाला. आईनं वर शेवग्याच्या पाल्याची भाजी, गाजरं, कुणी सांगितलं म्हणून बकऱ्याचं काळीज, सगळं खाऊ घातलं. इतर पोरांना उजेड परत मिळाला, मला नाही.

पुढे औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा पाहिला आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा असं निदान सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून रात्र आधी जाते. मग कडेची नजर आकसत जाते, आणि शेवटी मधल्या, बारीक पाहणाऱ्या पेशींवर येतं. साधारण चार हजारांत एकाला होणारा हा आजार जनुकातून येतो. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. असा छुपा दोष दोन्हीकडून एकाच मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. उपाय नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या एसटीत गुरुजी शेजारी बसले होते. तेव्हा ते गुरुजी झालेले नव्हते, डी.एड.ला होते. बदनापूर येईपर्यंत ते गप्प बसले. मग म्हणाले, "उद्यापासनं संध्याकाळी तुला आणायला मी येत जाईन."

त्या एका वाक्यावर पुढची वीसेक वर्षं चालली. कुणी वाटण्या केल्या नाहीत, कुणी वार लावून घेतले नाहीत. संध्याकाळी मोंढ्यातून घरी आणायचं मुकादमानं, सिनेमाला न्यायचं टेलरनं, बाहेरगावचं काम कंडक्टरनं आणि कागदपत्रांचं गुरुजींनी, हे आपोआप ठरत गेलं. टॉकीजच्या अंधारात खुर्ची शोधण्यापासून टेलरची कॉमेंट्री सुरू व्हायची. पडदा मला दिसायचा, पण कडेची नजर गेल्यामुळे त्याचा एखादाच तुकडा. हिरो दिसला तर व्हिलन हरवायचा. "अब उसने चाकू निकाला, देख, देख, लेफ्ट में," असं तो कानाशी सांगायचा, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसायचं. मग टेलर उठून मागे वळून शांतपणे सांगायचा, "भाई, इसको दिखता नहीं, तुम इसके पैसे दे दो, मैं चुप बैठता हूँ." पुढे पुढे मागच्या रांगेतली पोरंसुद्धा आपणहून सांगू लागली. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघायची तेव्हा गर्दीत चौघं माझ्याभोवती कडं करायचे. रेवड्यांची उधळण झाली की कड्याबाहेरचे लोक अंगावर कोसळायचे, पण मला धक्का लागायचा नाही. रेवडीही मिळायची नाही, हे मुकादमाला अजून बोलून दाखवतो.

सगळ्यांत आठवते ती राजूरची वाट. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना होते. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्यातून माणसांचे जथे पायी निघतात आणि पंचवीसेक किलोमीटर चालून पहाटे राजुरेश्वराच्या दर्शनाला उभे राहतात. सोमवारची रात्र, वद्य तृतीया. अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी चंद्र उगवायचा, तेवढा उजेड चौघांना पुरायचा. मला तो चंद्र असून नसल्यासारखा. मुकादम खांद्यावरचा गमछा पुढे धरायचा, त्याचं दुसरं टोक माझ्या मुठीत. खड्डा आला की तो गमछ्याला एक हिसका द्यायचा, चढ आला की दोन. टेलर मागून बॅटरी घेऊन यायचा. माझ्यासाठी नव्हे, मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसावं म्हणून. कंडक्टर वाटेवरच्या प्रत्येक फाट्याचं नाव आणि तिथवरचं तिकीट सांगायचा. रात्री दोन वाजतासुद्धा त्याच्या डोक्यातून स्टेज जायच्या नाहीत. पहाटे राजूरच्या टेकडीवर पोचलो की पूर्वेला फटफटायचं आणि मला हळूहळू चेहरे दिसू लागायचे. रात्रभर ज्यांच्या आवाजावर चाललो त्यांची धुळीनं माखलेली तोंडं दिसली की मला दर्शनाची घाई उरायची नाही.

मोंढ्यात मी एका आडत दुकानावर हिशेब लिहायला होतो. कीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, त्यातली हमाली-तोलाई. हे सगळं दिवसा उजेडी होतं म्हणून निभलं. नव्वदच्या दशकात मधली नजरही विटत गेली. ओळ लिहिताना ओळीवर ओळ चढू लागली. शेठनं काढून टाकलं असतं तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण मुकादमानं दुपारच्या सुट्टीत माझ्याकडून पावकी, निमकी, दीडकी सगळी घोकून म्हणवून घेतली आणि शेठपुढे उभं केलं. "सत्तावीस पोती, बावन्न किलोचा भरणा, तेराशे चाळीसचा भाव, आडत कापून सांगा," असं त्यानं विचारायचं आणि शेठचा पुतण्या कॅल्क्युलेटरवर बोटं चालवेपर्यंत मी आकडा सांगायचा. शेठ हसला आणि म्हणाला, लिहायला दुसरा ठेवतो, तू बोल. त्यानंतर मी मोंढ्यातला बोलता हिशेब झालो. ज्वारीचा दाणा दातानं फोडून ओल सांगायची, सरकी मुठीत घेऊन कचरा सांगायचा, आणि लातूरचे, अकोल्याचे भाव फोनवर ऐकून हर्राशी सुरू व्हायच्या आत शेठला द्यायचे. ट्रंक कॉल लागायला कधी कधी निम्मी सकाळ जायची. आता हेच भाव शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर त्याला माझ्या आधी कळतात, आणि ते बरंच आहे.

हे सगळं सांगितलं की ऐकणारे म्हणतात, गेले ते दिवस, तशी माणसं आता राहिली नाहीत. माझं तसं म्हणणं नाही. ती माणसं आहेत आणि रोज भेटतात. त्या दिवसांत एक गोष्ट मला सलत होती, ती मात्र कुणाला सांगता येत नव्हती.

टेलरच्या दुकानात दुपारी वर्तमानपत्राचं वाचन चालायचं. आधी 'मराठवाडा', १९८२ नंतर 'लोकमत'ही. माझे डोळे थकले तेव्हा गुरुजी मोठ्यानं वाचू लागले, आणि बघता बघता बोळातले पाच-सहा जण ऐकायला टेकू लागले. मशीन थांबायचं, चहा यायचा. वाचन फार देखणं व्हायचं. गुरुजी अग्रलेख वाचायचे तो सभेत भाषण करावं तसा. पण गुरुजींना जे आवडत नसे ते ते गाळत. ज्या पुढाऱ्यावर त्यांचा राग, त्याचं भाषण दोन वाक्यांत संपायचं. सिनेमाचं पान उलटलं जायचं. शेअर बाजाराला ते जुगार म्हणत. क्रिकेटचं मात्र कधी गाळलं नाही, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी धावफलक पुन्हा वाचला जायचा. मला कळत होतं की काहीतरी गाळलं जातंय. मी बोलत नव्हतो. जो रोज आपला वेळ काढून तुमच्यासाठी वाचतो त्याला 'तुम्ही गाळता' असं कसं म्हणणार? टेलर सिनेमा निवडायचा तो मी पाहायचो. कंडक्टर ज्या दिवशी मोकळा असेल त्या दिवशी मला औरंगाबादला काम निघायचं. मुकादमाचं आणि माझं एकदा निवडणुकीवरून वाजायच्या बेतात आलं होतं, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मी विषय बदलला. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून घरी जायचंय त्याच्याशी भांडता येत नाही.

त्या चौघांनी कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. एकदाही नाही. तरी त्या काळात मी चांगला मित्र नव्हतो, चांगला आभारी माणूस होतो. या दोहोंत काय अंतर आहे ते समजायला मला म्हातारपण यावं लागलं.

बदल एकदम आला नाही. आधी कॅसेटी आल्या. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची, म्हणजे १९५२ साली स्थापन झालेल्या 'नॅब'ची बोलकी पुस्तकं टपालानं येऊ लागली. अंधांच्या साहित्याला टपाल हशील पडत नाही, त्यामुळे पाकिटावर तिकीटच नसायचं, आणि ते पाहून पोस्टमन दर वेळी संशयानं दोनदा नाव विचारायचा. ब्रेल शिकायचा प्रयत्न केला. सहा टिंबांची ती लिपी लहानपणी बोटांत बसते. चाळिशीला आलेल्या, सरकी चाळून निबर झालेल्या बोटांना ती 'क' आणि 'ख'च्या पुढे फार दाद देईना. मग संगणकावरचे बोलणारे वाचक आले. एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा वाचक ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी उभा केला, त्याची सुरुवात २००६ ची. शेठच्या पुतण्यानं तो दुकानातल्या संगणकावर टाकून दिला. त्यानंतर फोनमध्येच टॉकबॅक नावाचा वाचक आला, आणि पुढे त्याला मराठी आवाज मिळाला.

फोनमधल्या बाईला सूर नाही. अर्थसंकल्प आणि निधनवार्ता ती एकाच चालीत वाचते. पण ती गाळत नाही. मी पहिल्यांदा अख्खं वर्तमानपत्र, शेअर बाजार, सिनेमा, छोट्या जाहिरातींसकट ऐकलं आणि दुपारी टेलरच्या दुकानात जाऊन गुरुजींना म्हणालो, "तुम्ही त्या पुढाऱ्याचं भाषण अर्धं खाल्लंत. तो पाण्याबद्दल बरोबर बोललाय." गुरुजी क्षणभर थांबले. मग असे काही खवळले की मशीन बंद करून टेलर मध्ये पडला. पाऊण तास वाद झाला. घाणेवाडी तलावापासून जायकवाडीच्या पाइपलाइनपर्यंत सगळा जालना आम्ही उपसून काढला. घरी जाताना गुरुजी म्हणाले, "इतकी वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

वाचायला पुस्तकंही कमी नाहीत. अंधांना वाचता येतील अशा रूपात पुस्तकं करायला कॉपीराइटची अडचण येऊ नये म्हणून २०१३ साली मराकेशला जागतिक करार झाला. त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मंजुरी दिली ती भारतानं. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. डब्यावरची तारीख, औषधाचं नाव कॅमेऱ्यापुढे धरलं की फोन वाचतो. नाहीच वाचलं तर डेन्मार्कमधून २०१५ साली सुरू झालेलं बी माय आइज नावाचं ॲप आहे. त्यावर जगाच्या पाठीवरचा कुणीही अनोळखी माणूस व्हिडिओवरून आपले डोळे दोन मिनिटं उसने देतो. एकदा त्यावरून मी एका भल्या माणसाला शर्टाचा रंग विचारला. टेलरला कळल्यावर तो दोन दिवस बोलला नाही. "शर्ट मैंने सिया, और रंग किसी और से पूछता है?"

पैशांची गोष्ट उलट्या दिशेनं गेली. जुन्या नोटा बोटांना पाठ होत्या. शंभराची आणि पाचशेची यांच्या लांबीत दहा मिलिमीटरचा फरक होता, बोटाच्या पेराला तो लगेच लागायचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत सगळं माप बदललं. नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांत प्रत्येकी चारच मिलिमीटरचा फरक. कडेला उंचावलेल्या तिरक्या रेघा आहेत खऱ्या, शंभरावर चार, पाचशेवर पाच. पण चार हात फिरलेली नोट गुळगुळीत होते. मोंढ्यात आयुष्य काढलेला मी किराणा दुकानात नोट हातात धरून उभा राहू लागलो. त्या दिवसांत कंडक्टर कामाला आला. निवृत्तीपर्यंत त्यानं कातड्याच्या बॅगेत नोटा रचल्या होत्या. त्यानं युक्ती बसवून दिली: पाचशेची उभी दुमडायची, दोनशेची आडवी, शंभराची सरळ ठेवायची. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं नोट ओळखून बोलणारं 'मनी' ॲप आणलं, आणि हल्ली तर दुकानादुकानांतला डबाच मराठीतून ओरडून सांगतो किती रुपये आले. तरी पाकिटातल्या नोटा मी अजून कंडक्टरच्याच पद्धतीनं दुमडतो.

रस्त्याचं मात्र पूर्वीचंच बरं होतं. टांग्याच्या टापा ऐकू यायच्या, सायकलची घंटी वाजायची, बैलगाडीचं आख कुरकुरायचं. आता बॅटरीवरच्या दुचाक्या आवाज न करता कुशीतून निघून जातात. स्टीलच्या सळया भरलेले ट्रक मात्र इतका आवाज करतात की बाकी काही कानावर येत नाही. म्हणून मी पांढरी काठी घेतली. दुसऱ्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांना अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी जी लांब काठीची रीत शिकवली, पाऊल पडेल त्याच्या आधी काठीनं डावीउजवी कमान काढत जायचं, तीच जगभर चालते. ती मी एका शिबिरात शिकलो. काठी घेऊन पहिल्यांदा एकटा टेलरच्या दुकानात गेलो तेव्हा शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. चौघंही गप्प. मग मुकादम म्हणाला, "कामून? आम्ही मेलो का काय?"

त्याला समजावायला बराच काळ गेला. त्यांच्या दृष्टीनं काठी म्हणजे गावापुढे त्यांची बेइज्जती होती. चार मित्र असून याला काठी लागते. शेवटी गुरुजींनी मार्ग काढला. त्यांनी काठी हातात घेतली, डोळ्यांना गमछा बांधला आणि बोळातून मुख्य रस्त्यापर्यंत चालून दाखवलं. म्हणजे चालायला निघाले आणि पाण्याच्या टाकीवर आदळले. मग एकेक करून सगळ्यांनी करून पाहिलं. त्यानंतर काठीबद्दल कुणी बोललं नाही. टेलरनं काठीला अडकवायला जाड कापडाची म्यान शिवून दिली, आतून खिसा असलेली, अपंगत्वाचं प्रमाणपत्र ठेवायला. तेही मी कंडक्टरच्या धोशामुळेच काढलं होतं. "तिकिटात पंच्याहत्तर टक्के सवलत, पासष्ट टक्क्यांपुढं अपंगत्व असलं तर सोबत्याला पन्नास टक्के. सरकार देतंय तर नाही म्हणणारा तू कोण?"

आता आम्ही सगळेच साठीपलीकडे आहोत, आणि डोळे हा फक्त माझा विषय राहिलेला नाही. आमच्या लहानपणी शाळेच्या वर्गांत डोळ्यांची शिबिरं भरायची. मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस न हलता पडलेली असायची. पुढे त्यांना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा आणि तो फुटला की पुन्हा अंधार. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नव्वदच्या दशकात बियाणे उद्योगातले बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारानं जालन्यात श्री गणपती नेत्रालय उभं राहिलं, आणि दूरदूरच्या खेड्यांतली माणसं डोळ्यांसाठी आमच्या गावी येऊ लागली. आता डोळ्यात भिंग बसवून माणूस त्याच दिवशी घरी येतो. गुरुजींचे दोन्ही डोळे झाले, टेलरचा एक झाला. शस्त्रक्रियेनंतर टेलरनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "अरे, ये दुकान इतना गंदा था?"

मुकादमाचं तसं झालं नाही. त्याला काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढतो, मागची शीर सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं जाते, त्यामुळे फार पुढे जाईपर्यंत कळत नाही. गेलेली परत येत नाही. थेंबांनी राहिलेली टिकवता येते. मोतीबिंदूचा पिकून काढायचा हिशेब इथे चालत नाही. चाळिशीनंतर दाब तपासून घ्यायचा, घरात कुणाला असेल तर आधीच, इतकंच हाती असतं. मुकादम दारात उभ्या मोटारसायकलींना धडकायला लागला तेव्हा त्याला आधी मीच म्हणालो, तुझी कड गेलीय, उद्या दाखव. तशी धडक मी ओळखून होतो.

तेव्हापासून आमच्यात मी वस्ताद आहे. मान फिरवत चालायचं, उजेडातून अंधारात जाताना दारात थांबायचं, वस्तूची जागा बदलायची नाही, पायऱ्या मोजायच्या, हे सगळं मी त्याला शिकवलं. थेंबांची वेळ चुकू नये म्हणून त्याच्या फोनमध्ये माझ्या आवाजाचा गजर भरून दिला. "मुकादम, थेंब," असं सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या खिशातून ओरडतो. लाइट गेली की टेलरच्या माडीवरून चौघांना खाली आणायचं काम माझं. तिथे मला अंधाराचा अनुभव त्यांच्यापेक्षा चाळीस-पंचेचाळीस वर्षं जास्त आहे.

अमेरिकेत आंधळ्यांवर औषध निघालं, असे संदेश कंडक्टर नियमानं पाठवतो. त्यात तथ्य आहे: २०१७ मध्ये तिथे एका जनुकावरच्या उपचाराला मान्यता मिळाली. पण हा आजार ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कुठल्याही एकातल्या दोषानं होऊ शकतो, आणि तो उपचार त्यातल्या एकाच जनुकासाठी आहे. शिवाय पडद्यावर जिवंत पेशी शिल्लक असाव्या लागतात. मी त्याला हे सांगितलंय. तो ऐकतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा संदेश पाठवतो. पूर्वी आई काळीज खाऊ घालायची, आता हा. दोघांनाही नाही म्हणवत नाही.

गेल्या अंगारकीला पुन्हा राजूरला निघालो. पायी सगळी वाट आता कुणाच्याच गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून शेवटचा टप्पा तेवढा चालायचा ठरला. रस्त्यानं मोटारींचे दिवे, जागोजाग चहा-फराळाचे मंडप, लाउडस्पीकर. मुकादमानं सवयीनं गमछा पुढे केला. मी काठी उघडली आणि गमछा घेतला, पण पुढचं टोक मी धरलं. कडेचं त्याला दिसत नाही आणि मला काहीच दिसत नाही, तेव्हा ज्याच्या हातात काठी तो पुढे, हा साधा हिशेब. खड्डा आला की एक हिसका, चढ आला की दोन. गुरुजी मागून म्हणाले, "आंधळ्यानं नेलेली दिंडी." टेलर हसता हसता थांबला, आणि मग टेकडीपर्यंत कोण चुकीच्या बाजूनं चाललाय यावर चौघांनी चार मतं दिली.

आम्हा मित्रांत आभार मानायची पद्धत नाही. मी एकदा मानायला गेलो तर मुकादम म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?" तेव्हा इथेच लिहून ठेवतो. त्या चौघांनी माझे डोळे व्हायचं काम केलं तेव्हा मी त्यांचा ऋणी होतो. ते काम पुष्कळसं फोननं आणि काठीनं उचललं, तरी ते रोज येतात, त्याबद्दल मी त्याहून जास्त ऋणी आहे. आधीचं त्यांनी गरज म्हणून केलं असेल, दया म्हणून केलं असेल, शेजारधर्म म्हणूनही केलं असेल. आताच्या येण्याला तसलं काही कारण उरलेलं नाही. दुपारी तीनला टेलरचं मशीन थांबतं, गुरुजी पेपर उघडतात, आणि फोनवर सकाळीच ऐकलेला अग्रलेख मी त्यांच्या आवाजात पुन्हा ऐकतो. गाळलेली ओळ आली की टोकतो. मग वाद पेटतो, आवाज चढतात, कंडक्टर 'पुढचं स्टेशन' म्हणून घंटी मारल्यासारखी टिचकी वाजवतो. अशा भांडणात आता मी काठी उचलून एकटा घरी जाऊ शकतो. जाऊ शकतो, म्हणून शेवटपर्यंत बसून भांडतो.